ऋषीचं धान

मी जन्माची भित्री. पालीला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, चुलीतलं ओलं लाकूड फटकन वाजलं तरी मायच्या पदराआड जायचे. नाती मला हसतात, हसू देत बापड्या. पण ज्या वर्षाबद्दल आज लिहायला बसले आहे त्या वर्षी मी एकटी भित्री नव्हते. आमचं अख्खं घर भ्यायलेलं होतं आणि जो तो आपली भीती दुसऱ्यापासून लपवत होता. अशा घरात भांडी हळू ठेवतात, कोणी कोणाला मोठ्यानं हाक मारत नाही, आणि पहाटे जात्याची घरघर सुरू झाली न झाली तोच थांबते, कारण दळायला फारसं काही नसतं. 

आमचं गाव अकोटच्या वरच्या अंगाला, डोंगर जिथून चढू लागतो तिथं. जमीन काळी, चांगली ओल धरणारी. आधी बाबा अर्ध्या रानात ज्वारी आणि अर्ध्यात कापूस घेत. मग सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई कोणाची, कशापायी, हे गावात कोणालाच सांगता आलं नसतं, पण भाव सगळ्यांना पाठ होता. लोकांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंट्या बांधल्या. आमच्याच एका शेजाऱ्यानं तर नवा पितळी हुक्का घेतला आणि तो ओढता येत नसताना दिवसभर ओसरीवर घेऊन बसायचा. बाबांनी ज्वारीचं सगळं रान कापसाखाली घातलं. ज्वारी काय, विकत घेऊ, असं ते म्हणाले. चूक अशी झाली की आसपासच्या दहा गावांत प्रत्येक बाप हेच म्हणाला. उन्हाळ्याच्या शेवटी बाबा ज्वारीच्या पेवात उतरले. पेव म्हणजे अंगणात जमिनीखाली खोदलेलं धान्याचं कोठार. वर आले तेव्हा हातातलं टोपलं अर्धंच भरलेलं होतं आणि त्यातही निम्मी माती. मायनं टोपलं घेतलं आणि माती पाखडायला बसली. त्या दिवसापासून आमच्याकडे भाकर बंद आणि कण्या सुरू झाल्या. ज्वारीच्या भरडीची पातळ पेज, वर मिठाचा खडा आणि अंबाडीचा पाला. आता पेवाच्या त्या कुबट वासावरून मी भूक ओळखते, पण तेव्हा तो नुसता वास वाटायचा.

आता सगळ्या घराचं पोट टांगलं होतं ते बोडीखालच्या भातावर. बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेलं लहानसं तळं. आमच्या रानाच्या खालच्या टोकाला ती होती, आणि तिच्या पाळीखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाखाली, दोन खोलगट तुकडे होते. तिथं पाणी साचून राहायचं म्हणून कापूस यायचा नाही, त्यामुळे आजोबांच्या वेळेपासून तिथं भात पेरत. पहिला पाऊस झाला की नांगरून मूठमूठ धान फोकायचं, म्हणजे उधळून पेरायचं, आणि देवावर सोडून द्यायचं. वऱ्हाडात भात म्हणजे सणाचं जेवण, त्याला कोण एवढं जपतो? म्हणून दरसाली तिथं गवत माजत गेलं, आणि गवताच्याही वर देवधान.

देवधान हे भाताचंच जंगली भावंड. पान तेच, खोड तेच, लहानपणी तर भात कोणता आणि देवधान कोणतं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कळतं ते उशिरा, लोंबी आल्यावर. दाण्याला लांब कुसळ असतं, टरफल काळपट, आत तांदूळ लालसर. आणि हात लागला, वारा लागला, पाखरू बसलं की सगळे दाणे चिखलात गळून पडतात, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी त्यानं स्वतःच पेरून ठेवलं. तण निंदणाऱ्या बाया खाली वाकून भात उपटायच्या आणि देवधान ठेवायच्या, त्यांचाही इलाज नव्हता. त्यात कापसाच्या निंदणाला दामदुप्पट मजुरी मिळू लागल्यावर भाताच्या चिखलात उतरायला बाईच मिळेना. मागच्या कापणीला आम्ही जे पेंढे आणले त्यात अर्धे तर नुसते गळून रिकामे झालेल्या काड्यांचे होते.

एवढं असून, ओळखू आलेलं देवधानही उपटायचं नाही, असं आमच्या घरात चाललं होतं. कारण आत्या. बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली, घरातलं देवाचं सगळं तिच्या हातात. बाबा तिला बाई म्हणत आणि तिच्यापुढे आवाज चढवत नसत. आत्या ऋषिपंचमीचं कडक व्रत करायची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, जे आपोआप उगवलं, ज्याच्या जमिनीत नांगर फिरला नाही, तेच खायचं. म्हणून देवधान. ते म्हणजे ऋषीचं धान. त्याला विळा लावायचा नाही, उपटायचं नाही, तुडवायचं नाही. दसऱ्याच्या सुमारास लोंब्या पिकल्या की माय टोपली घेऊन जायची, लोंब्यांवरून टोपली हलकेच फिरवली की दाणे आत गळून पडायचे. ते एका मडक्यात पुढच्या ऋषिपंचमीपर्यंत जपून ठेवायचे. ते मडकं आत्याशिवाय कोणी उघडत नसे. मी त्या मडक्यालाही भ्यायचे.

काकी आमच्या घरात आली ती वैनगंगेकडून, झाडीपट्टीतून. काका गाड्या घेऊन तिकडे तांदूळ आणायला गेला होता, तिथं आमच्यातलीच पण लांबची सोयरीक जमली. ती हडकुळी, काळी, उंच, आणि हसली की वरचा एक दात पुढे यायचा. तिचं बोलणं हेलाचं, त्यामुळे गावातल्या बाया विहिरीवर तिची नक्कल करत. सगळे तिला झाडीवाली म्हणत. काका पुढे अमरावतीला एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या वखारीत राहिला. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या गाडवाटा बंद झाल्या की त्याचं येणं बंद. म्हणजे त्या घरात तिचं म्हणावं असं माणूस नव्हतं. एक मी होते. मी तिच्याजवळ निजायचे, कारण ती भीत नसे आणि तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास यायचा.

घरात येऊन तिला पहिला दसरा आला तेव्हा ती मायबरोबर आणि माझ्याबरोबर देवधान आणायला गेली. माय बांधावरून खाली भाताच्या बांधीत, म्हणजे त्या खोलगट तुकड्यात, उतरली आणि टोपली फिरवू लागली. काकी बांधावरच थांबली.

"जाऊबाई, हे तं नांगराचं आहे," ती म्हणाली. "ऋषीचं धान बोडीतलं घ्या लागते. जिथं बैल जात नाई तिथलं."

मायचा हात थांबला. तिचा चेहरा राखेसारखा झालेला मला आजही दिसतो. आजी जिवंत होती तोवर ती बोडीत उतरून देवधान आणायची. आजी गेल्यावर हे काम मायकडे आलं. माय पाण्याला माझ्यापेक्षा जास्त भ्यायची, तिचा भाऊ नदीत बुडाला होता. कंबरभर पाण्यात उतरणं तिला जमेना, आणि बांधीत तेच धान गुडघाभर चिखलात उभं होतं. एक वर्ष घेतलं, मग दुसरं. आत्या कधी रानात यायची नाही. आपण ऋषीचं धान खातो असं समजून आत्या इतकी वर्षं बैलाचं धान खात होती.

"तुह्या पाया पडतो," माय म्हणाली. "कोणाले सांगजो नोको. बाई मरून जाईन. आन मले हे लोक जित्ती ठेवाचे नाईत."

काकीनं मायचे हात धरले. "नाई सांगत," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. माझ्या वयाच्या पोरीच्या पोटात केवढी गोष्ट राहू शकते याचा विचार त्या दोघींनी केला नाही. माझ्या पोटात ती दगडासारखी पडून राहिली.

आता पेव रिकामं झाल्यावर काकीनंच तोंड उघडलं. पण ती बाबांशी बोलू शकत नव्हती. बाबा तिचे भासरे, नवऱ्याचा थोरला भाऊ, त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, त्यांना शब्द ऐकू जाऊ द्यायचा नाही. म्हणून ती दाराआड बसायची आणि मी मधे. बाबा ओसरीवर हातभर अंतरावर असायचे, तिचं सगळं ऐकू जायचं, तरी मी म्हटल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही. आताच्या मुलींना हे सांगितलं तर त्या लोळून हसतात.

"गंगू, सांग तुह्या बाबाले, औंदा धान फोकू नोका म्हणा. आमच्याकडं रोवणा करतात."

"बाबा, काकी म्हणते रोवणा करा."

"रोवणा काय असते, इचार," बाबा म्हणाले.

मग तिनं सांगितलं. धानाचं बी बोडीवरच्या कोरड्या तुकड्यात, जिथं कधी भात लावला नाही, तिथं दाट पेरायचं. त्याला पऱ्हे म्हणायचे. खाली बांध्या तशाच ठेवायच्या. पाऊस पडला की चिखलातलं सगळं देवधान आणि गवत हिरवं होऊन वर येईल. येऊ द्यायचं. मग पाणी भरून त्यावर नांगर घालायचा, चिखल करायचा, सगळं त्यात गाडायचं. आणि त्या स्वच्छ चिखलात पऱ्ह्यातली रोपं उपटून ओळीनं लावायची, वर पाणी ठेवायचं. ओळीबाहेर जे हिरवं दिसेल ते शत्रू, मग ते कितीही धानासारखं दिसो.

"पोरगंही निंदन, म्हणा," ती म्हणाली. "बाया लागत नाईत."

बाबा बराच वेळ चिलीम न पेटवता हातात धरून बसले. त्यांना पटलं होतं आणि ते भ्याले होते. आमच्याकडे बियाण्याचं धान एकदाच पेरण्यापुरतं होतं. "बाईले इचारा लागन," एवढंच ते म्हणाले.

पण त्यांनी आत्याला विचारलं नाही. हे मला आता कळतं. आत्या नाही म्हणाली असती, आणि मग बाबांना पोरांची पोटं आणि बहिणीचा देव यांत निवड करावी लागली असती. म्हणून त्यांनी गुपचूप बैल जुंपले. बांध्यांत तेव्हा बोटभर हिरवळ दाटली होती, दुरून पाहणाऱ्याला वाटावं भात किती छान उगवला. नांगराच्या फाळाखाली ती उलथी झाली, काळ्या पाण्यात गेली. काकी गुडघाभर चिखलात, पदर खोचलेला, बैलांच्या मागून जे वर राहील ते पायानं दाबत होती. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. साऱ्या गावाची रानं हिरवी आणि आमच्या बांध्या तेलकट काळ्या. कोणी तरी जाऊन आत्याला सांगितलं.

आत्या ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती देवघरात जाऊन बसली आणि आतून म्हणाली, "ऋषीच्या धानावर बैल घातला." त्या दिवशी ती जेवली नाही. आणि दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ दौलत तापानं फणफणला.

आधी हुडहुडी भरायची, इतकी की बाज खडखडायची, मग ताप चढायचा आणि तो डोळे उघडे ठेवून कोणाला तरी हाका मारायचा. एक दिवस बरा, की पुन्हा थंडी. माय त्याच्या उशाशी बसून असायची. काकी कडू चिराईत उकळून आणायची आणि आत्या दारात उभी राहून म्हणायची, "तिच्या हातचं देऊ नोको." मायनं ते घेतलं नाही. मायनं घेतलं नाही, आणि काकी ते फुलपात्र हातात घेऊन तशीच चुलीपाशी परत गेली, हे मी विसरले नाही. माय काकीला ओळखत होती, तिचं गुपित काकीच्या पोटात होतं, तरी ती तिला भ्याली. मीही भ्याले. त्या रात्री मी काकीजवळ निजायला गेले नाही.

रोवणा झाला. आम्ही तिघींनी आणि बाबांनी पावसात भिजत लावला. आणि लावलेली रोपं पिवळी पडली. नुसती पिवळी नाहीत, त्यांनी माना टाकल्या, पाण्यावर लोळली. काकी म्हणत होती की हे असंच होतं, मुळं उपटलेली असतात, ती धरेपर्यंत रोप रुसतं. पण आमच्यात कोणी कधी हे पाहिलं नव्हतं. मी रोज सकाळी पाळीवर जाऊन पाहायचे आणि रोज तेच, पिवळ्या काड्या आणि त्यांच्यामधून पाण्यात दिसणारं आभाळ. पेव रिकामं, बी चिखलात, भाऊ तापात. बाबा त्या बाजूला जायचेच बंद झाले.

त्याच दिवसांत कोंडूजीचा बैल मेला. कोंडूजी आमच्या बांधाला बांध असलेला शेतकरी, माणूस वाईट नव्हता. त्याला मूल नव्हतं, तो बैलाला आपल्या हातानं भाकरीचा तुकडा भरवायचा, आणि पोळा तर तोंडावर आलेला. त्याचा बैल आदल्या दिवशी आमच्या बोडीच्या पाळीवर चरला होता. सकाळी पाय ताणून पडला. कोंडूजी रडत रडत गावभर फिरला, आणि लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. मग विहिरीवर काकी आली की बाया घागर अर्धी भरून निघून जाऊ लागल्या. चेटकीण हा शब्द मी पहिल्यांदा तिथंच ऐकला, माझ्यासमोर, हळू आवाजात. गावात मागे एका बाईवर असा आळ आला होता. तिचं काय झालं हे मोठी माणसं सांगत नसत. तिचं घर मात्र अजून बिनछपराचं उभं होतं आणि त्यावरून जाताना आम्ही पोरं श्वास रोखून पळायचो.

एका संध्याकाळी काकी चुलीपुढे एकटीच बसली होती. मी जवळ गेले.

"काकी, तू सांगत काहून नाई? ते धान ऋषीचं नव्हतंच म्हणून?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. "सांगतलं तं मी सुटतो गंगू. आन तुही माय सापडते."

"मंग?"

"मंग काय. पऱ्हे हिरवे होईपर्यंत थांबू," ती म्हणाली, आणि मला जवळ ओढून घेतलं. मग दाराची कडी नीट लागली आहे का ते तिनं दोनदा उठून पाहिलं. तोपर्यंत मला वाटायचं ती भीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोक आले. कोंडूजी पुढे, मागे बरेच पुरुष आणि काही बाया, अंगणभर. कोणाच्या हातात काठी नव्हती, पण कोणी बसलंही नाही. कोंडूजी म्हणाला की तिला शिवेबाहेर काढा. शिवेबाहेर म्हणजे कुठं? वर डोंगर, त्यात वाघ. खाली काळा चिखल, ज्यात गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतते. अमरावती तिथून किती लांब होती हे मला ठाऊक नव्हतं, पण पावसाळ्यात ती नव्हतीच असं समजा. बाबा ओसरीच्या कडेला उभे होते. काकी माजघराच्या दाराआड उभी. माय दौलतला मांडीवर घेऊन भिंतीशी. मी दोघींच्या मधे. बोलले तर माय जाते. नाही बोलले तर काकी जाते. मी मायकडे पाहिलं, तिनं डोळे मिटून घेतले. इतकी भीती मला पुन्हा आयुष्यात वाटली नाही, आणि मी पुढे दोन बाळंतपणं आणि एक महामारी पाहिली आहे.

तेवढ्यात आत्या देवघरातून बाहेर आली.  तिनं कोंडूजीकडे पाहिलं नाही, बाबांना विचारलं.

"कोणत्या बैलानं तुडवलं ऋषीचं धान? त्याच्या खुराची शांत करा लागते. पोळ्याच्या आत."

"कोणत्या म्हंजे?" बाबा म्हणाले. ते इतके गांगरले होते की विचारलं तेवढंच उत्तर देत होते. "आपलेच. दरसाली जे नांगरतात तेच."

"दरसाली?"

"मंग काय बांध्या हातानं उकरतो का बाई? दर मिरगात नांगर चालते तिथं."

आत्या तशीच उभी राहिली. तिचा हात खांबावर गेला. कोणाला काही कळलं नाही, बाबांनाही नाही, कळलं ते आम्हा तिघींना. आत्यानं हळूहळू मान वळवली आणि मायकडे पाहिलं. मायनं दौलतला इतकं घट्ट धरलं की तो कण्हला. आत्याची नजर मायवरून दाराकडे गेली, जिथं काकीच्या लुगड्याचा काठ दिसत होता, आणि परत मायवर आली. मी देवाला हात जोडले, कोणत्या ते आठवत नाही.

"कोंडूजी, घरी जाय," आत्या म्हणाली.

"बाई, पण ऋषीचा कोप—"

"ते धान ऋषीचं नव्हतंच. बैलाच्या शेतातलं होतं. बैलाच्या शेतातलं बैलानं तुडवलं, त्यात कोणाचा कोप?"

"आन माहा बैल?" त्याचा आवाज रडका झाला.

"तुह्या बैलाले काय झालं मले ठाऊक नाई बापा. पण ह्या पोरीनं काई केलं नाई. तिच्या अंगाले कोणी हात लावला तं तो मले लावला असं मी समजीन."

मागून एक बाई म्हणाली, "मंग बाई, तुमी इतके वर्सं पंचमीले काय खाल्लं?"

 आत्याचा चेहरा मी पाहू शकले नाही, तिच्या पायांकडे पाहत होते. पाय स्थिर होते.

"भाकर खाल्ली असं समज," ती म्हणाली, आणि आत गेली.

लोक गेले. एकेक करून. आत्यानं देवघराचं दार लावून घेतलं. माय दाराशी जाऊन बसली, तिनं कडी वाजवली नाही, नुसती बसून राहिली, दिवेलागणीपर्यंत. आत काय चाललं होतं ते देव जाणे. ज्या व्रतावर तिनं विधवापणाची सगळी वर्षं काढली ते तिनं सगळ्या गावासमोर एका वाक्यात सोडून दिलं होतं, आणि ते का सोडलं हे आमच्याशिवाय कोणाला कळलंही नाही. लोक एवढंच म्हणाले की म्हातारी चळली.

पोळ्याच्या सुमारास बांध्या हिरव्या झाल्या. सरळ ओळी, मधे पाणी, आणि ओळींच्या मधे कुठं कुठं चुकार उगवलेलं देवधान, अगदी भातासारखं, पण नको तिथं उभं. मी ते उपटायचे. मला ओळखता यायचं नाही, ओळखायची गरजही नव्हती. दौलतचा ताप लांबला, पण काकीचा काढा मायनं आपल्या हातानं त्याला पाजला, आणि दिवाळीला तो नव्या तांदळाच्या भातावर तूप मागत होता. आज तो माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो आणि अजून तूप मागतो. कोंडूजीनं पुढल्या वर्षी आमच्याकडूनच पऱ्हे नेले. त्यानं काकीची क्षमा मागितली नाही, पण पऱ्हे न्यायला आला तेव्हा ओसरीवर बसून पाणी प्यायला, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ तोच होतो.

त्या ऋषिपंचमीला आत्यानं मडकं उघडलं नाही. ती नुसत्या पाण्यावर राहिली. दसरा झाल्यावर एका सकाळी मात्र ती न्हाऊन, ओलेत्यानं, आम्हा सगळ्यांच्या आधी अंगणात उभी होती. "चाल," ती काकीला म्हणाली. "बोडी दाखव."

आम्ही पाळीवर पोहोचलो. बोडीच्या मध्यावर देवधान उभं होतं, लांब कुसळांचं, काळपट. आत्या आयुष्यात कधी पाण्यात उतरली नव्हती. तिनं काकीचं मनगट धरलं आणि पाय टाकला. पाणी गुडघ्याला आलं, मग कमरेला. मी पाळीवर मायच्या पदराला धरून होते आणि माय पाण्याकडे पाठ करून उभी होती.

"इथं बैल येत नाई ना?" आत्यानं विचारलं.

"इथं बैल बुडते," काकी म्हणाली.

आत्या हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिनं एका हातानं काकीला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं टोपली लोंब्यांवरून फिरवली. दाणे टोपलीत पडण्याचा बारीक आवाज पाळीवर येत होता. टोपली भरल्यावर ती वर आली, ओली, थंडीनं निळी पडलेली. माय मान खाली घालून बाजूला सरकली. आत्यानं टोपली उचलून मायच्या डोक्यावर दिली.

"दरसाली तूच आणतेस ना," ती म्हणाली. "मंग आताही तूच घेऊन चाल."

माय पुढे चालू लागली, डोक्यावर टोपली, दोन्ही हात वर. घर येईपर्यंत तिला डोळे पुसता आले नाहीत.